अनुक्रमाचे दप्तर : संगणकाच्या चुंबकीय फितीविषयी प्रस्तावना

नोंद ठेवणे आणि ठेवलेली नोंद हवी तेव्हा सापडणे ही एकाच कामाची दोन अंगे होत, अशी सर्वसाधारण समजूत असते; परंतु ज्याने एखाद्या जुन्या कचेरीच्या दप्तरखान्यात काही काळ घालविला आहे, त्याला ही दोन कामे किती निराळी, किंबहुना कित्येकदा परस्परविरोधी असतात, हे सांगावे लागत नाही. जे कागद रोज हाताळले जातात ते झिजतात, भलत्याच रुमालात बांधले जातात, कोणी त्यांवर नवी आकडेमोड करतो, कोणी ते घरी नेतो. आणि ज्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही ते शंभर वर्षांनंतरही धड अवस्थेत हाती लागतात. संगणकाच्या युगात हाच जुना पेच नव्या स्वरूपात उभा राहिला, आणि त्यातून जी साधने निर्माण झाली त्यांपैकी एकाने तरी शोधण्याच्या सोयीचा जवळजवळ संपूर्ण त्याग करून ठेवण्याच्या सोयीचा पक्ष पत्करला. ते साधन म्हणजे चुंबकीय फीत, संगणक-कक्षात जिला सगळे नुसते ‘टेप’ म्हणत आले ती.

तिचे स्वरूप सांगावयास फार शब्द लागत नाहीत. अर्धा इंच रुंदीची, शेकडो फूट लांबीची एक लवचीक पट्टी, तिच्या एका अंगावर चुंबकीय भुकटीचा पातळ लेप, आणि त्या लेपावरील सूक्ष्म कणांची दिशा पालटून शून्य किंवा एक नोंदविणारे एक विद्युत्-चुंबकीय शीर्ष, एवढाच हा संसार आहे. या पट्टीवर मधल्या एखाद्या नोंदीपर्यंत पोचावयाचे तर तिच्या आधीची सगळी पट्टी शीर्षाखालून सरकविण्यावाचून गत्यंतर नाही. बोट लावताच हवे ते पान समोर येण्याची सवय झालेल्या आजच्या वाचकाला हे साधन वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगे वाटावे, यात नवल नाही; आणि तरीही जगातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक प्रयोगांची मूळ मापने, मोठमोठ्या पेढ्यांचे जुने व्यवहार आणि ज्यांच्या सेवा आपण रोज वापरतो त्या कंपन्यांच्या राखीव प्रती आज याच पट्टीवर विसावल्या आहेत. माझे प्रतिपाद्य असे की, हे तिच्या दोषाला न जुमानता घडलेले नसून त्या दोषामुळेच घडलेले आहे.

तिची पूर्वपीठिका ध्वनिलेखनात आहे. १८८८ साली ओबर्लिन स्मिथ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने चुंबकीय नोंदीची कल्पना एका नियतकालिकात मांडली. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज उतरविणारे यंत्र प्रत्यक्ष सिद्ध केले, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ त्यापुढे जे चार शब्द बोलला ते आजही ऐकावयास मिळतात. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी कशी चिकटवावी याचा विचार करणाऱ्या ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमरला कागदावर लोखंडाची भुकटी बसविण्याची युक्ती सुचली, तिचे एकस्व त्याने १९२८ साली मिळविले, आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत गेली. येथवरचा इतिहास गायकांचा व आकाशवाणी-केंद्रांचा आहे, म्हणून तो मी एवढ्यावरच सोडतो; कारण आवाजाची फीत आणि आकड्यांची फीत यांचा पदार्थ एक असला तरी धर्म एक नाही. गाण्याच्या फितीवरील धुळीच्या कणाएवढी जागा कोरी राहिली तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. विमेदाराच्या हप्त्यातील एका अंकाच्या जागी तेवढाच कोरेपणा आला तर शंभराचे नऊशे होतात. संगणकाच्या फितीचा सारा उत्तरेतिहास हा एका अर्थी या अविश्वासाशी केलेल्या करारांचा इतिहास आहे.

फिलाडेल्फियाच्या एकर्ट व मॉक्ली या जोडीने बांधलेला युनिव्हॅक हा संगणक १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या ताब्यात गेला, आणि त्याच्याबरोबर युनिसर्वो नावाची फीत-यंत्रे आली. ही पहिली फीत प्लास्टिकची नव्हतीच; फॉस्फर-ब्राँझच्या पत्र्यावर निकेलचा मुलामा दिलेली ती धातूची पट्टी होती. दर इंचास १२८ अक्षरे आणि दर सेकंदास १०० इंच असा तिचा कागदोपत्री दर होता. धातूची पट्टी शीर्षाला घासून झिजवू नये म्हणून दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा संथपणे सरकत ठेवावा लागे, आणि जड रीळ चढविता-उतरविताना चाकरमान्यांचे दंड भरून येत असावेत असा माझा तर्क आहे. तथापि, जनगणनेसारख्या कामात, जेथे कोट्यवधी माणसांची माहिती एकाच क्रमाने एकदा आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तिची मोजदाद करावयाची असते, तेथे अनुक्रमाचे बंधन हे बंधन वाटतच नाही. हे साधन प्रथम ज्या दारी गेले ते दार त्याच्या स्वभावाला साजेसेच होते.

पुढच्याच वर्षी आयबीएमने आपल्या ७०१ या संगणकासमवेत ७२६ हे फीत-यंत्र जाहीर केले. त्यात प्लास्टिकची फीत, सात समांतर रेघा, इंचास १०० अक्षरे व सेकंदास ७५ इंच असा बेत होता. आकड्यांच्या दृष्टीने पाहिले तर हे यंत्र युनिसर्वोच्या मागेच होते. परंतु त्यात एक अशी युक्ती होती की जिच्यापुढे पुढली तीस वर्षे सगळ्या निर्मात्यांनी मान तुकविली. अडचण अशी होती की संगणक एक नोंद वाचतो, तिचा हिशेब करतो, आणि मग दुसरी मागतो. म्हणजे फितीला सेकंदाच्या शतांशात पूर्ण वेग घ्यावा लागतो आणि तितक्याच अवधीत थांबावे लागते. हलकी पट्टी हे करू शकते, पण जिच्याभोवती शेकडो फूट फीत गुंडाळली आहे ती चाती जडत्वाच्या नियमाला बांधलेली असल्यामुळे तसे करू शकत नाही; आणि पट्टीने झटका दिला व चाती जागची हलली नाही, तर पट्टी ताणते किंवा तुटते. पूकीप्सी येथील जेम्स वाइडेनहॅमर याने यावर निर्वात स्तंभांचा उपाय काढला. दोन्ही चात्यांच्या आणि शीर्षाच्या मध्ये एकेक उभा पोकळ स्तंभ ठेवावयाचा, त्याच्या तळातून हवा शोषून घ्यावयाची, म्हणजे फितीचा एक सैल वळसा त्या स्तंभात अलगद ओढलेला राहतो. शीर्षाखालची फीत वाटेल तितक्या चपळाईने पुढेमागे धावो, ती धाव वळशाच्या लांबीत जिरते. वळसा फार वर आला किंवा फार खाली गेला की स्तंभातील दाबाचा फरक ओळखून चाती सावकाश फिरते आणि तूट भरून काढते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटांत संगणक दाखवावयाचा म्हणजे कपाटाएवढ्या यंत्रावरील दोन चात्या झटक्या-झटक्याने फिरताना दाखवीत. त्या झटक्यांचे मूळ कारण हे एवढे आहे.

विश्वासाचा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राने सुटण्यासारखा नव्हता. ज्या विमा-कंपन्या तोवर भोके पाडलेल्या कार्डांवर आपले हिशेब ठेवीत, त्यांच्या अधिकाऱ्यांना नव्या साधनाची भीती वाटली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. कार्डावरील भोक दिसते, बोटाला लागते, आणि वाद निघाल्यास पुराव्यादाखल समोर ठेवता येते. फितीवरील नोंद कोणालाही दिसत नाही, आणि ती पुसली गेली तर पुसली गेल्याची खूणही मागे राहत नाही. म्हणून यंत्रकारांनी दर अक्षराच्या बिंदूंना जोड देऊन त्यांची संख्या सम किंवा विषम राखणारा एक तपासनीस बिंदू प्रत्येक आडव्या ओळीत घातला, प्रत्येक गटाच्या शेवटी उभ्या रेघांचा असाच ताळा ठेवला, आणि पुढे तर लिहिणाऱ्या शीर्षाच्या लगेच पुढे वाचणारे दुसरे शीर्ष बसवून लिहिलेले तत्क्षणी पडताळून पाहण्याची तजवीज केली. चातीच्या पाठीमागील खाचेत प्लास्टिकचे एक कडे बसविले असेल तरच यंत्राने तीवर लिहावे, कडे काढले असेल तर कोणाचाही हुकूम मानू नये, असाही दंडक पडला. मला या साऱ्या संरक्षण-व्यवस्थेत ते कडे सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्याला कोणताही कार्यक्रम फसवू शकत नाही. ते काढून खिशात घालणारा माणूस खोलीत असावा लागतो.

फितीवर दोन नोंदींच्या गटांमध्ये वेग घेण्यास व थांबण्यास जागा सोडावी लागे, आणि या कोऱ्या जागेचे गणित मोठे मजेदार आहे. १९६४ पासून रूढ झालेल्या नऊ रेघांच्या फितीत ही जागा सुमारे ०.६ इंच असे. इंचास १६०० अक्षरे या घनतेवर एका कार्डाएवढी, म्हणजे ८० अक्षरांची, नोंद केवळ ०.०५ इंच जागा व्यापते. याचा अर्थ, नोंदी एकेकट्या लिहिल्या तर फितीच्या तेरा भागांतील बारा भाग कोरेच राहावयाचे. यावर उपाय म्हणून अनेक नोंदी एकत्र बांधून त्यांचा एक गट करीत. तसे केले म्हणजे २४०० फुटांच्या रिळावर चारेक कोटी अक्षरे सहज बसत, आणि दोन हजार कार्डांची एक पेटी धरली तर अडीचशेच्या आसपास पेट्या एका हातात उचलता येण्याजोग्या होत. पुढे १९७३ च्या सुमारास घनता ६२५० वर गेली व कोरी जागा निम्म्याने घटली. परंतु नोंदी गटाने बांधण्याची जी शिस्त या काळात कारकुनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या अंगी बाणली ती पुढे फीत नसलेल्या जागीही टिकून राहिली.

आता मी या विषयाच्या ज्या भागाकडे वळतो त्याविषयी माझा पक्षपात वाचकाने आधीच गृहीत धरावा. आपल्याकडील जमाखर्चाची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला फितीवरील हिशेबाची रीत नव्याने शिकवावी लागत नाही. दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे रोजकीर्दीत उतरतात, आणि मग खातेवार लावून खतावणीत चढविले जातात. फितीच्या दप्तरातही एका रिळावर व्यवहार, दुसऱ्यावर मूळ खाती, आणि रात्रीच्या पाळीत या दोहोंचा मेळ घालून तिसऱ्या रिळावर नवी खतावणी, असा क्रम होता. फरक इतकाच की कारकून खतावणीत हवे ते पान उघडू शकतो आणि यंत्र उघडू शकत नाही. म्हणून व्यवहारांची फीत आधी खातेक्रमाने लावून घ्यावी लागे, म्हणजे दोन्ही रिळे शेजारी-शेजारी एकाच दिशेने चालत गेली की प्रत्येक व्यवहाराला त्याचे खाते वाटेतच भेटे. या रीतीचा एक परिणाम असा झाला की जुनी खतावणी कधी खोडली जात नसे. काल रात्रीचे रीळ, परवाचे आणि तेरवाचे अशा तीन पिढ्या मांडणीवर राखून ठेवीत, आणि त्यांना पुत्र, पिता व पितामह अशीच नावे होती. आजचे रीळ बिघडले तर बाप आणि त्या दिवसाची कीर्द यांपासून पुत्र पुन्हा निर्माण करता येई. पुढे चुंबकीय चकत्या (डिस्क) आल्या, त्यांवर जागच्या जागी खोडून लिहिण्याची सोय झाली, आणि त्या सोयीबरोबर कालचा हिशेब आपोआप शिल्लक राहण्याची सोय गेली. ती परत मिळविण्यासाठी नंतरच्या पिढीला किती खटाटोप करावा लागला, हा निराळा विषय आहे.

नोंदी क्रमाने लावणे हे मात्र सोपे काम नव्हते. संगणकाच्या स्मृतीत एका वेळी थोड्याच नोंदी मावत. तेवढ्या लावून घ्यावयाच्या आणि त्यांची एक सुव्यवस्थित माळ फितीवर उतरवावयाची, अशा अनेक माळा तयार झाल्या की दोन-दोन फितींवरील माळा एकत्र गुंफून तिसरीवर लांब माळा करावयाच्या, ही त्याची रीत. सरळ मार्गाने गेले तर दर फेरीनंतर माळा पुन्हा दोन फितींवर वाटण्यातच वेळ जातो. १९६० च्या सुमारास गिलस्टॅड याने दाखविले की माळा आरंभी असमान वाटल्या तर ही वाटणी टळते. समजा, पहिल्या फितीवर १३ आणि दुसरीवर ८ माळा आहेत. आठ जोड्या गुंफून तिसरीवर गेल्या की दुसरी रिकामी होते आणि पहिलीवर ५ उरतात. आता ८ व ५ यांतून पाच जोड्या दुसरीवर जातात आणि तिसरीवर ३ उरतात. मग ५ व ३, मग ३ व २, मग २ व १, आणि अखेरीस एकेक माळ एकमेकींत मिसळून सारे दप्तर एका क्रमात येते. दर फेरीस एक फीत रिकामी होते आणि तीच पुढच्या फेरीत लिहिण्यास सिद्ध असते. ही संख्यांची परंपरा बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांची गणना करताना सांगितली होती आणि युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध झाली. छंदःशास्त्रातील गणित पुढे वेतनपत्रके लावण्याच्या कामी यावे हा योगायोग मला मनापासून आवडतो, आणि त्यातून कोणताही राष्ट्रीय निष्कर्ष काढण्याची माझी इच्छा नाही. डोनाल्ड क्नूथ याने १९७३ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात फितींच्या या गुंफणीला विस्तृत जागा दिली. ज्यांना ती यंत्रे कधी पाहावयास मिळणार नाहीत त्यांनीही ती प्रकरणे वाचावीत, अशी माझी शिफारस आहे.

भारतात हे युग मुंबईमार्गेही आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशभरच्या संशोधकांची कामे तेथे येऊ लागली. त्याच्या जोडीला १६०-ए हा लहान संगणक होता. त्या काळच्या अशा जोडीची सर्वसाधारण पद्धत अशी की, लहान यंत्राने कार्डे वाचून फितीवर उतरवावीत, मोठ्याने फितीवरून फितीवर काम करावे, आणि निकालाची फीत पुन्हा लहान यंत्राने छापून द्यावी. कारण मोठ्या यंत्राचा वेळ इतका मोलाचा होता की त्याला कार्डांची वाट पाहत बसविणे म्हणजे उधळपट्टी ठरे. फीत येथे दप्तर नव्हती, दोन असमान वेगांच्या चाकरांमधील डाक होती.

१९५६ साली आयबीएमने पन्नास चकत्यांचा, सुमारे पन्नास लाख अक्षरे ठेवणारा संग्राहक बाजारात आणला, आणि हवी ती नोंद थेट गाठण्याची सोय झाली. विमानाची जागा राखून ठेवणे किंवा खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला शिल्लक सांगणे ही कामे फितीच्या आवाक्याबाहेरची होती, तेव्हा ती चकतीकडे जाणे न्याय्यच झाले. फीत हळूहळू मागच्या खोलीत गेली. उघड्या रिळाच्या जागी १९८४ साली आयबीएमचे ३४८० हे अठरा रेघांचे, २०० मेगाबाइटचे बंदिस्त कार्ट्रिज आले. घरगुती संगणकांनी काही वर्षे गाण्याच्या कॅसेटींवर आपले कार्यक्रम ठेवले, ज्याची आठवण चाळिशी उलटलेल्यांना असेल. आणि २००० साली आयबीएम, एचपी व सीगेट यांच्या संयुक्त उपक्रमातून एलटीओ हे सर्वसंमत प्रमाण ठरून १०० गिगाबाइटचे पहिले कार्ट्रिज बाहेर पडले.

मागच्या खोलीत गेल्यावर तिची जी वाढ झाली ती पुढच्या खोलीतील लोकांच्या फारशी लक्षात आली नाही. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ कार्ट्रिजात १०३५ मीटर फीत असते. तिची जाडी ५.२ मायक्रॉन, रुंदी पूर्वीप्रमाणेच साधारण अर्धा इंच, आणि त्या अर्ध्या इंचात ८९६० रेघा. एका वेळी ३२ रेघा लिहिल्या जातात, म्हणजे फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नागमोडी पद्धतीने २८० वेळा जाते आणि शीर्षाखालून एकूण सुमारे २९० किलोमीटर फीत सरकते. सेकंदास ४०० मेगाबाइट या वेगाने १८ टेराबाइट भरावयास साडेबारा तास लागतात. भुकटीही बदलली, लोखंडाच्या कणांवर हवेतील प्राणवायूचा परिणाम होतो, परंतु आता वापरण्यात येणारे बेरियम फेराइट मुळातच पूर्णपणे ऑक्सिडीकृत असल्यामुळे त्याला आणखी गंजावयाचे उरत नाही. चकतीच्या तुलनेत फितीवर दर चौरस इंचास फार थोडी माहिती बसवावी लागते, कारण तिच्याजवळ क्षेत्रफळच मुबलक आहे. म्हणून चकतीची वाढ पदार्थविज्ञानाच्या मर्यादेपाशी अडखळत असताना फितीला अजून बरीच वाट मोकळी आहे. २०२० साली आयबीएम व फुजीफिल्म यांनी प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियम फेराइटच्या फितीवर जी घनता साधली तिच्या हिशेबाने एका कार्ट्रिजात ५८० टेराबाइट मावावेत.

तथापि, तिला आजवर जगविले ते केवळ या घनतेने नव्हे. मांडणीवर ठेवलेली फीत वीज खात नाही, आणि यंत्रात घातल्याशिवाय तिला कोणाचाही हुकूम पोचत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या टपालसेवेत एका सदोष सुधारणेमुळे काही वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. शेकडा प्रमाण अत्यल्प होते, ०.०२ च्या आसपास; परंतु दोष कार्यक्रमातच असल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी राखलेल्या प्रतीही त्याच आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि पत्रे परत मिळाली ती फितींवरून. सर्व प्रती एकाच तत्परतेने आज्ञा पाळत असतील तर त्या अनेक असूनही एकच असतात, हे सत्य त्या प्रसंगाने उघड केले. खंडणीसाठी दप्तरे कुलूपबंद करणाऱ्या चोरांच्या आजच्या काळात तर फितीची ही आज्ञाबाह्यता अधिकच मोलाची झाली आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत कणांच्या टकरींची मापने साठविणाऱ्या फीत-संग्रहाने २०१७ साली २०० पेटाबाइटची मर्यादा ओलांडली, त्यामागे विजेचा खर्च आणि हे स्वातंत्र्य, दोन्ही कारणे आहेत.

आता दुसरी बाजू. फीत मरते, आणि तीन प्रकारांनी मरते. पहिला प्रकार द्रव्याचा: भुकटी प्लास्टिकला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बंध हवेतील ओल शोषून विघटित होतो, फीत चिकट बनते आणि यंत्रात अडकते, तिला साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियसच्या संथ उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरती वाचण्याजोगी करतात आणि लगेच नक्कल उतरवितात. आपल्या कोकणपट्टीसारख्या दमट हवेत फिती राखणाऱ्यांनी हे कधी विसरू नये. दुसरा प्रकार काटकसरीचा: फीत पुन्हा वापरता येते, आणि म्हणून वापरली जाते. अपोलो ११ च्या चंद्रावतरणाचे मूळ दूरमापन ज्या रिळांवर उतरले होते ती बहुधा पुढे पुसून दुसऱ्या कामास लावली गेली, असा निष्कर्ष नासाने दीर्घ शोधानंतर २००९ साली जाहीर केला. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: फीत शाबूत असते, नोंद शाबूत असते, परंतु ती वाचणारे यंत्र पृथ्वीवर उरलेले नसते.

या तिसऱ्या मरणातून परत आलेल्या एका संग्रहाची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९६६-६७ साली अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची जी छायाचित्रे धाडली ती सुमारे दीड हजार फितींवर नोंदविण्यात आली होती. त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची एफआर-९०० ही अवाढव्य यंत्रे दुर्मिळ होत गेली, आणि नॅन्सी इव्हान्स या नासाच्या संग्रहपाल विदुषीने ती भंगारात जाऊ न देता अनेक वर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. पुढे डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनी ती एम्स संशोधन केंद्राच्या आवारातील एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत नेऊन पुन्हा चालती केली, आणि २००८ साली चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी दिसणारे १९६६ चे चित्र पूर्वी कधी छापले गेले नव्हते इतक्या स्पष्टपणे उतरविले. येथे पुण्याच्या पेशवे दप्तराची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही कागद टिकले होते आणि मोडी वाचणारे विरळ होत चालले होते. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे अभ्यासकांना ते सुलभ झाले. परंतु मोडी ही चिकाटीच्या माणसाला कागदासमोर बसून काही महिन्यांत शिकता येते, तर फितीवरील रेघ कोणत्याही चिकाटीच्या डोळ्याला दिसत नाही. तिचे अक्षर यंत्रात आहे, आणि यंत्राचे सुटे भाग करणारा कारखाना बंद झालेला आहे.

म्हणून कार्ट्रिजावर छापलेल्या तीस वर्षांच्या आश्वासनाकडे मी काहीशा संशयाने पाहतो. पदार्थापुरते ते खरे असेल. परंतु एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे आपल्या मागील दोन पिढ्या वाचीत, आठवीने ती मुदत एका पिढीवर आणली, आणि नववीचे यंत्र सातवीची फीत वाचीत नाही. पिढ्या साधारणतः दोन-चार वर्षांनी बदलतात. फीत घडविणारे कारखानेही थोडेच उरले आहेत. फुजीफिल्म व सोनी या दोन जपानी कंपन्यांत एकस्वांचा तंटा लागला तेव्हा आठव्या पिढीच्या फितींचा पुरवठा २०१९ साली काही काळ जवळजवळ थांबला होता. सर्नसारख्या संस्था हे ओळखून आहेत आणि ठरावीक काळाने सारा संग्रह जुन्या फितींवरून नव्यांवर उतरवून घेतात. ज्या कचेऱ्यांत फीत घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात असते आणि नक्कल उतरविण्याची नसते, त्यांनी आपले दप्तर राखले आहे असे म्हणता येत नाही.

पुढील प्रकरणांत ध्वनी आणि चित्रपट यांच्या फितींचा विचार केलेला नाही, कारण त्यांचा इतिहास स्वतंत्र आणि समृद्ध आहे. गुंफणीचे गणित ज्यांना नकोसे वाटेल त्यांनी ते प्रकरण गाळले तरी पुढचा भाग समजण्यास अडचण पडणार नाही. याउलट, फितीच्या स्वरूपाने घडलेल्या आकृतिबंधांवरील प्रकरण मात्र त्यांनी वाचावे. तेलसंशोधनातील भूकंपमापनाची माहिती आजही ज्या प्रमाणात ठेवतात त्याच्या आरंभी ३२०० अक्षरांचा एक मथळा असतो, आणि तो ८० अक्षरांच्या ४० कार्डांएवढा का, हे १९७५ साली ते प्रमाण ठरविणाऱ्यांच्या टेबलावर काय पडले होते ते पाहिल्यावाचून उमगत नाही. तसेच युनिक्स संचालन-प्रणालीत १९७९ पासून असलेला ‘टार’ हा आदेश आजही ५१२ अक्षरांचे गट मोजतो आणि अखेरीस दोन कोरे गट लिहितो, मग ते गट फितीवर जावोत किंवा न जावोत.